नळीतला लाल शेला

फार फार पूर्वी नव्हे, फार फार पुढे कधीतरी, चहाचा एक थेंब चुकीच्या दिशेला गेला.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबाबांनो, थेंबाचं काय एवढं, असं म्हणू नका. हे घडलं अंतराळस्थानकात. तिथं वर-खाली असं काही नसतं. सांडलेला चहा गोल थेंब होऊन तरंगतो आणि हवेच्या जाळीकडे हळूहळू सरकतो. हा थेंब मात्र खिडकीकडे निघाला होता.

चहा पिणारी ती बाई दचकली. दचकण्याची तिला सवयच होती.

पृथ्वीवर लोक तिला रक्षिणी म्हणत. पूल खचला, बोगद्यात माणसं अडकली, की हाक यायची आणि ती लाल शेला उडवत हजर व्हायची. अशी कितीतरी वर्षं गेली. शेवटी शेवटी तर कुणी नुसतं शिंकलं तरी ती ताडकन उठायची. मग एक दिवस "आता पुरे" म्हणाली आणि शांत जगायला इथं वर आली.

पण स्थानकाची एक रीत होती. दिवे मंद झाले, की भिंतीतल्या नळीतून शेजारी शेजाऱ्याला विचारायचा, "आहेस का?" आणि ज्यानं त्यानं म्हणायचं, "आहे!"

तिच्या शेजारी आक्का राहायची, कुंड्यांत मेथी लावणारी. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आहेस का गं?"

"आहे हो. पण मला रोज नका विचारू. हाका ऐकून कान किटलेत माझे."

"अगं, ही हाक तुला कामाला जुंपायची नाही. तू आहेस, एवढंच कळावं म्हणून."

"मला काय होणार आहे, आक्का? मी आगीतून चालत गेलेली बाई!"

"बरं बाई, चालत राहा," आक्का म्हणाली.

रक्षिणीनं आपल्या शेल्याचा बोळा केला आणि नळीत कोंबला. आवाज थांबला, पण जीव काही थाऱ्यावर येईना. त्या शांततेतही ती कान टवकारून बसायची. कुठून काही येतंय का? काहीच येत नसे, आणि त्यानंच ती आणखी अस्वस्थ होई.

आता ती थेंबामागून खिडकीशी गेली. चौकटीपाशी काचेला केसाएवढी भेग होती आणि तिच्यातून खोलीतली हवा बाहेर चालली होती. तिनं सवयीनं भेगेवर तळहात दाबला. चांगला जोरात. कट्‌कन आवाज झाला आणि भेग बोटभर लांबली.

तिनं घाबरून जोर कमी केला. हात काढावा तर हवा जाणार, दाबावा तर काच फुटणार. भेग बुजवायच्या ठिगळांची पेटी तर दाराबाहेर.

"कुणी आहे का?" ती पुटपुटली. हजारोंनी तिला हाक मारली होती, तिनं कधी कुणाला मारली नव्हती. आवाज कसा काढतात, तेच तिला ठाऊक नव्हतं.

आणि नळी तर तिनंच बुजवलेली.

एक हात भेगेवर ठेवून तिनं पाय लांबवला, पायाच्या बोटांत शेल्याचं टोक धरलं आणि ओढलं. लाल शेला उलगडत खोलीभर तरंगू लागला.

"आक्का!"

नळी गप्प. आक्का रागावली असेल का? की विचारायचंच सोडलं असेल तिनं? श्वास अपुरा पडू लागला. मग मानपान, लाज सगळं विसरून ती ओरडली, "आक्का, आहेस का गं? खिडकी फुटतेय! मला एकटीला नाही जमत!"

नळीत काहीतरी खुडखुडलं.

"आहे गं, आहे!" आक्काचा आवाज आला. "हात हलवू नकोस, ठिगळ घेऊन आलेच मी. अगं, रोज त्या बोळ्यालाच विचारत होते, आहेस का म्हणून!"

तात्पर्य: जगाच्या हाकेला धावणाऱ्यानं आपली हाक जाण्याची वाट बुजवू नये.