धुक्यातली शाळा

झाडं हळू आवाजात बोलायची, त्या काळची गोष्ट. उंबराच्या ढोलीत खारींच्या पिल्लांची शाळा भरे. ढोलीला भोक होतं. रोज सकाळी तिथून धुकं आत शिरे आणि पिल्लं खोकत बसत. भोक बुजवायला त्यांची शिक्षिका, झुबकी नावाची खार, घरोघर सावरीचा कापूस मागत फिरली.

“तुम्ही आहात म्हणून शाळा चाललीय हो,” म्हणत प्रत्येक पालक दार लोटून घेई.

कौतुकानं भोक बुजेना.

शेवटी झुबकीनं मागणं सोडलं आणि पालकसभा सकाळीच ढोलीत बोलावली. धुकं आलं. शेपट्या विरघळल्या, मग चेहरे.

“माझं पिल्लू कुठं गेलं?” एक आई घाबरली.

“इथंच आहे. रोज असंच असतं,” झुबकी म्हणाली.

दुपारपर्यंत इतका कापूस आला, की भोक बुजवून उरलेल्यावर पिल्लं गाढ झोपली. झुबकीही.