पोटावरचा पटका

"वस्ताद, मागचं दार उघडं आहे का?"

दादबा वस्तादांनी मान वर केली. तालमीच्या उंबऱ्यात शामराव चौगुले उभा होता. छातीवर दौडीचा नंबर, कपाळावरून घामाच्या धारा, एक हात चौकटीला टेकलेला.

"दौड तर पुढच्या दारावरून चाललीय," वस्ताद म्हणाले.

"म्हणूनच मागचं विचारतोय."

गावच्या दवाखान्याला रुग्णवाहिका घ्यायची म्हणून त्या सकाळी पाच किलोमीटरची मदतदौड निघाली होती. शामराव हायस्कूलचा खेळाचा मास्तर. वय एक्कावन्न. उमेदीत याच तालमीच्या मातीत लोळलेला. तरण्या पोरांना मागं टाकून दाखवतो, असं त्यानं आठवडाभर शाळेत सांगून ठेवलं होतं.

पहिल्या किलोमीटरला टाकलंही. तिसऱ्याला छातीचा भाता बसला. मग एकेक जण पुढं निघून गेला. सगळ्यात शेवटी भाजीवाल्या हौसाकाकू, पायात चपला, पदर खोचलेला. "येता का सर, सोबतीनं?" म्हणाल्या आणि त्याही गेल्या.

पुढच्या वळणापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्याची सगळी शाळा रस्त्याच्या कडेला उभी होती.

मागच्या बोळातून घर पाच मिनिटांवर. पाय मुरगळला म्हणून सांगता आलं असतं.

वस्ताद गुडघ्यांवर हात देऊन उठले. मागच्या दाराची कडी काढली आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

"जा."

शामराव चार पावलं गेला. थांबला.

"तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"तू दार मागितलंस. दिलं."

शामराव भिंतीला हात टेकून धापा टाकू लागला.

"बस जरा. श्वास वरच्या वर घेतोयस. छातीत दुखतंय?"

"नाही. खाली उतरतच नाही तो."

वस्तादांनी त्याच्या पोटावर तळहात ठेवला. बोटं थबकली. त्यांनी टी-शर्ट वर सारला. कमरेपासून बरगड्यांपर्यंत जुना पटका गच्च आवळलेला होता.

"हे काय?"

"पोट... दिसू नये म्हणून."

"तीन किलोमीटर असाच पळालास?"

"हो."

"म्हणजे दम आहे अजून तुझ्यात. अक्कल कमी आहे."

त्यांनी गाठ सोडली. एक वेढा, दुसरा, तिसरा... पटका मातीवर पडला. पोट पुढं आलं आणि श्वास थेट बेंबीपर्यंत उतरला. शामरावानं डोळे मिटले. बराच वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. मग त्याला हसू फुटलं.

"बरं वाटलं, वस्ताद."

"वाटणारच. म्हशीला असं आवळलं असतं तर तिनं लाथ घातली असती."

"आता पळणं जमणार नाही. चालत जाईन फार तर. वाटेत पडलो म्हणजे?"

"दवाखान्याकडंच चालला आहेस."

शामराव पुन्हा हसला. मग हसू हळूहळू ओसरलं. तो उठला नाही.

"पोटाला हसतील, हसू देत. शेवटचा आला म्हणतील, म्हणू देत..."

वस्तादांनी मातीत पडलेला पटका उचलून गुंडाळायला घेतला.

"आठवीत कस्तुरी म्हणून पोरगी आहे. गेल्या महिन्यात शर्यतीत दम लागून खाली बसली. मी सगळ्यांदेखत म्हणालो, अर्ध्यात बसणाऱ्यानं माझ्या मैदानावर पाय ठेवायचा नाही. तेव्हापासून ती मैदानावर आली नाही."

"बोलवायचं होतंस."

"रोज ठरवत होतो."

"आज कुठं आहे?"

"वळणावर. दौडीतल्या लोकांसाठी पाण्याची कळशी घेऊन उभी आहे... सकाळी मला बघून तिनं मान फिरवली."

बाहेर रस्ता रिकामा होता. लांबून टाळ्यांचा आवाज आला. हौसाकाकू वळणावर पोचल्या असाव्यात.

शामरावानं एकदा मागच्या दाराकडं पाहिलं, एकदा पुढच्या. मग उठला. टी-शर्ट खाली ओढला, तो पोटावर नीट बसेना, तसाच राहू दिला. पुढच्या उंबऱ्यात जाऊन तो वळला.

"वस्ताद, मास्तर आहे मी. तिच्यासमोर गेल्यावर बोलू काय?"

वस्तादांनी मागच्या दाराची कडी लावली.

"पाणी माग."