नसलेला नागखटका

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनो, जवळ सरका. मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण यातली चूक तुमच्याच वयाच्या माणसानं केलेली आहे.

डोंगरांमध्ये एक खोरं होतं आणि त्या खोऱ्यात कुलपं घडवणाऱ्यांचं एक गाव. त्या गावाची एक रीत होती. कुलूप घडवून झालं, की घडवणारा ते दुसऱ्या कारागिराच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "घे, फोड." मग तो दुसरा दिवस मावळेपर्यंत त्या कुलपाच्या मागे लागायचा. तारा घालायचा, ठोकायचा, तापवायचा, पाण्यात बुडवायचा. याला ते झोंबी म्हणत. झोंबीत टिकेल त्याच कुलपावर घडवणाऱ्याचा शिक्का उमटायचा. एरवी एकमेकांच्या ताटात जेवणारे शेजारी त्या दिवशी एकमेकांची जराही गय करत नसत.

तिथे तुळाजी नावाचा कारागीर होता. हात सोन्याचा, पण स्वभाव उतावळा. त्याची आत्या सगुणा झोंबीत सगळ्यांची गुरू. तिच्या हाती दिलेली भल्याभल्यांची कुलपं दुपारच्या आत उघडी पडायची.

एकदा तुळाजीनं एका फिरत्या व्यापाऱ्याकडून साळुंकी घेतली. साधीसुधी नव्हे हं! ती देशोदेशीच्या कारागिरांच्या भट्ट्यांपाशी बसून आली होती आणि जे जे कानावर पडलं ते सगळं तिच्या लक्षात होतं. विचारायचा अवकाश, की ती घडाघडा सांगायची. पोलाद किती तापवावं, किल्लीचे दात कसे कापावेत, गंज कशानं थांबतो. ज्या कुलपाला तुळाजीला महिना लागायचा, ते आता आठवड्यात व्हायला लागलं. लांबलांबून गिऱ्हाइकं यायला लागली आणि तुळाजी हवेत तरंगायला लागला.

सगुणाआत्या एक दिवस पिंजऱ्यापाशी येऊन बसली. साळुंकीशी पुष्कळ बोलली. मग म्हणाली, "हुशार आहे रे पाखरू. पण तुळ्या, हिच्यासमोर किल्ली कापू नकोस. इथं ऐकलेलं ही उद्या दुसऱ्याच्या अंगणात बोलेल."

"तेवढी अक्कल आहे मला, आत्या. किल्ली कापताना पिंजऱ्यावर कापड टाकतो."

"शहाणा गं बाई माझा! आणि ही सांगते ते सगळं खरं असतं?"

"बहुतेक वेळा."

"मला त्या 'बहुतेक'चीच भीती वाटते," आत्या म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

त्या खोऱ्यातल्या सगळ्या गावांचं बियाणं खिंडीतल्या एकाच दगडी कोठारात ठेवलेलं असे. पुढच्या सालची पेरणी म्हणजे ते कोठार. त्याचं जुनं कुलूप गंजून गेलं होतं. पंच तुळाजीकडे आले. पंचांमधले केरोबा म्हणाले, "असं कुलूप दे, की आम्ही निर्धास्त झोपू. पण लवकर हवं बाबा. बियाणं भरून ठेवलंय."

तुळाजीनं साळुंकीला विचारलं, "आजवर कुणी घडवलं नसेल असं कुलूप सांग."

साळुंकीनं मान वाकडी केली आणि सगळी बांधणी सांगून टाकली. शेवटी म्हणाली, "आणि आत नागखटका बसव. बाजारात मिळतो."

नागखटका? तुळाजीनं हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. पण साळुंकी इतक्या ठामपणे बोलली, की आपलंच ज्ञान तोकडं असं त्याला वाटलं. आत्याला विचारावं, तर ती हसेल. म्हणून तो मुकाट्यानं बाजारात गेला आणि दुकानादुकानात विचारत सुटला, "नागखटका आहे का हो, नागखटका?" कुणाकडेच नव्हता. बाजारात एक परका माणूस घोंगडी पसरून बसला होता. तो गोड आवाजात म्हणाला, "आज संपलाय, मालक. पुढच्या बाजाराला या. तुमच्यासाठी मुद्दाम आणतो."

आणि त्यानं आणला! टोपलीभर आणला. चकचकीत, फण्यासारखा बाक असलेला, हातात घेतला तर जीव खूश होईल असा. कुणी घडवला, कशाचा घडवला, एवढंसुद्धा तुळाजीनं विचारलं नाही. टोपलीच उचलून घरी आणली. एक खटका कोठाराच्या कुलपात बसवला, बाकीचे गावकऱ्यांच्या घरच्या कुलपांत.

राहिली झोंबी. केरोबा तर दारात उभे. तुळाजीनं मनाशी म्हटलं, अरे, जगातल्या सगळ्या कारागिरांचं शहाणपण या कुलपात उतरलंय, आता म्हातारीच्या तारा कशाला हव्यात? त्यानं शिक्का तापवला आणि मारला. पाहा, एका क्षणाचं काम!

कुलूप इतकं नामी, की पंचांनी कोठाराच्या राखणदारालाही शेताच्या कामावर धाडून दिलं.

पेरणीच्या दिवशी सकाळी सगळं खोरं खिंडीत जमलं. बाया टोपल्या घेऊन, पोरं बैलांच्या पुढे नाचत. तुळाजी नवं धोतर नेसून सगळ्यांत पुढे. दाराला कुलूप जसंच्या तसं लटकलेलं, ओरखडाही नाही, शिक्का उन्हात चमकतोय. केरोबांनी किल्ली फिरवली. दार उघडलं.

आत काही नव्हतं.

एक कणगी उभी नव्हती, एक पोतं नव्हतं. दोन उंदीर तेवढे माणसांकडे बघत होते. केरोबांच्या हातून किल्ली गळून पडली. बायांनी रिकाम्या टोपल्या खाली ठेवल्या. कुणीतरी कोठाराच्या मागे धावलं, तर तिथे जड गाड्यांच्या चाकांच्या खुणा थेट सरहद्दीकडे गेलेल्या! चोर आला, खोऱ्याचं अख्खं साल गाड्यांत भरून गेला आणि जाताना सभ्यपणे कुलूप लावून गेला.

मग ओरडा सुरू झाला. "किल्ली एकच, ती पंचांकडे! दुसरी करू शकतो तो हा एकटा!" कुणी त्याची मानगूट धरली.

"नाही हो, देवाशपथ नाही!" तुळाजी रडकुंडीला आला. "किल्ली मी साळुंकीलासुद्धा दाखवली नाही!"

गर्दीतून वाट काढत सगुणाआत्या पुढे आली. "सोडा त्याला," म्हणाली. तिनं कुलूप पुन्हा लावलं, खाली बसली आणि कनवटीचा लोहचुंबकाचा खडा काढून कुलपाच्या पोटावरून हळूच फिरवला. आत टक् असं वाजलं. कुलूप उघडलं.

तिनं कुलूप फोडून आतला खटका तळहातावर घेतला. चुंबक जवळ नेला, तर तो फणा मुकाट्यानं त्याच्याकडे वळला. "याला किल्ली लागतच नाही," ती म्हणाली. "तुळ्या, हा कुठून आणलास?"

तुळाजी धावत घरी गेला. मागे सारं गाव. त्यानं पिंजरा गदागदा हलवला. "बोल! नागखटका कुठं ऐकलास तू? कोणत्या देशात?"

"कुठेच नाही," साळुंकी म्हणाली. तिच्या आवाजात ना भीती, ना लाज. "खटके पुष्कळ ऐकलेत. नागाच्या आकाराची कुलपंही ऐकलीत. दोन्ही मिळून नाव छान जुळलं."

"अगं पण बाजारात मिळाला तो!"

"तू दुकानादुकानात मागितलास, म्हणून कुणीतरी घडवला."

तुळाजीनं पिंजरा सोडला. जी वस्तू जगात नव्हती, ती त्यानं स्वतः हिंडून, आरोळ्या देऊन चोराकडून घडवून घेतली होती! वर दाम मोजून, शिक्का मारून, खोऱ्याच्या दाराला लावली होती. किल्लीवर कापड टाकणारा तो शहाणा माणूस गुडघ्यात डोकं घालून हुंदके द्यायला लागला.

लोक साळुंकीची मान पिरगळायला निघाले. आत्यानं पिंजरा पदराखाली घेतला. "तिनं सांगितलं," ती म्हणाली, "पण ऐकलं कुणी? बसवलं कुणी? माझ्या हाती कुलूप आलं असतं, तर न्याहारीच्या आत हा खडा फिरवला असता मी. पहिली परीक्षा असते रे ती! आणि तुम्ही तरी काय? राखणदार का हलवलात?"

केरोबांनी मान खाली घातली.

बाजारातला परका माणूस कुणाला पुन्हा दिसला नाही. घाटापलीकडून उसनं बियाणं आणून कशीबशी चार शेतं पेरली गेली, बाकीचं खोरं त्या साली काळंच राहिलं. साळुंकी गावातच राहिली आणि लोक तिला विचारतही राहिले. मात्र तिनं नवं नाव घेतलं, की आधी दहा जणांना विचारत आणि तिच्या शब्दावर घडलेल्या कुलपाशी दुप्पट झोंबी घेत.

तुळाजी मात्र दारोदार हिंडून आपली शिक्क्याची कुलपं उतरवत होता. एका झोपडीशी तो वाकून कुलूप काढू लागला, तेव्हा आतून एक बाई बाहेर आली. तिच्या कडेवरचं लेकरू भुकेनं रडून रडून गप्प झालेलं.

"कशाला तसदी घेतोस, दादा?" ती म्हणाली. "राहू दे लटकलेलं. आत चोरण्यासारखं उरलंय काय?"

तुळाजीच्या हातातलं कुलूप हातातच राहिलं.

तात्पर्य: सल्ला हवा त्याचा घ्यावा, पण ज्यावर आपला शिक्का बसणार, ते आधी आपल्या माणसांकडून फोडून बघावं.