लाल बदाम आणि अंगठा

एका गावात एक भोळा गुणवंत होता. लांब शोधू नका, तो मीच. नाव गुणवंत, बाकी सगळा आनंदच.

माझं शर्वरीशी लग्न ठरलं होतं. ती मला मनापासून आवडली होती. तिनं मोबाइलवर नव्या साडीतला फोटो पाठवला. मी लिहिलं, "नाइस." ती रुसून बसली.

वैजूताईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, कपाळावर हात मारला. "अरे दगडा, पुरुषांसारखा इंग्रजीचा एक खडा काय मारतोस? चार शब्द मराठीत मायेनं लिहावेत. रंग खुलतोय म्हणावं, दृष्ट लागेल म्हणावं. आणि शेवटी लाल बदाम."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी नव्या ट्रॅक्टरशेजारचा आपला फोटो टाकला, तोही दोन्ही घरच्यांच्या ग्रुपवर. मी मायेनं लिहिलं, "अगंबाई, किती गोड दिसताय! हा रंग तुम्हालाच खुलतो. दृष्ट काढून घ्या हं." शेवटी लाल बदाम. सासऱ्यांना पारावर बसायची चोरी झाली.

माझा मित्र बापू धावत आला. "येड्या, गड्यांत असलं चालतं व्हय? हितनं पुढं इंग्रजीत दोन शब्द आन् एक अंगठा. विषय संपला."

"बरं."

संध्याकाळी शर्वरीचा मेसेज आला. चांगला लांबलचक, अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत. बाबा चिडलेत, मी रडतेय, पण मला तुम्हीच हवेत, असं त्यात होतं. माझं काळीज भरून आलं. मी लिहिलं, "ओके, ब्रदर." आणि अंगठा.

आता आईच पुढे झाली. "तुला बाई कळंना, बाप्या कळंना. सोताचं डोकं चालवूच नगंस. समोरचं माणूस लिहील, तस्संच लिही."

हे मात्र मला जमण्यासारखं होतं.

तेवढ्यात ग्रुपवर सासऱ्यांचा मेसेज आला, "आमच्याकडून हे लग्न मोडलं."

शर्वरी हातची जाते की काय, या भीतीनं मी घाईघाईनं मोबाइल उचलला. पण या वेळी चुकायचं नाही, असं मी ठरवलंच होतं. शब्दाला शब्द लावून लिहिलं, "आमच्याकडूनही हे लग्न मोडलं."

ग्रुपवर बायाही आहेत, बाप्येही आहेत. कुणी नाराज व्हायला नको, म्हणून खाली एक अंगठा टाकला. आणि एक लाल बदाम.