दाभाडकर साहेबांची लाल रेघ

आपली मैथिली कागदावर नदी काढायची ना, तेव्हा तिला पाण्याचा आवाज ऐकू यायचा, अगदी खरंच. शहरातल्या नदीकाठाचा आराखडा काढायचं काम तिच्याकडे होतं. तिने नदीची सगळी वळणं तशीच ठेवली होती. वळणावळणाला करंज, वाळुंज अशी झाडं, आणि फांद्यांवर पेंगणारे बगळे.

बडे इंजिनियर दाभाडकर साहेबांनी त्यावर लाल पेन्सिलीने सरळ रेघ ओढली. "मॅडम, स्वप्नं घरी बघा. नदी सरळ करा, रस्त्याला जागा सुटेल."

सरळ सुटलेलं पाणी पावसाळ्यात थेट खालच्या कुंभारवाड्यात घुसणार होतं. तरी मैथिली गोड हसली.

"साहेब, शहराबाहेरचा तो घाटरस्ता तुम्हीच बांधलात ना? वळणं किती हो त्याला?"

"एकवीस," साहेब खुलले.

"सरळच उतरवायचा की. केवढी जागा वाचली असती."

"अहो, सरळ उतारावर गाडी आवरेल का? खालच्या गावात घुसेल."

"गाडीला निदान ब्रेक तरी असतो, साहेब. नदीला कुठून आणायचा?"

साहेबांनी नकाशा जवळ ओढला. मग हळूच म्हणाले, "खोडरबर आहे का?"

रेघ पुसली गेली, आणि कागदावरची नदी पुन्हा डुलत डुलत निघाली.