कापशीच्या पोटाखालची तीन अंडी

पळसबनाच्या कडेला, एका ठेंगण्याशा झोपडीत सोनकी राहायची. सोनकी म्हणजे डोंगरावर फुलणारं इवलंसं पिवळं फूल. आईने मोठ्या हौसेने ते नाव ठेवलं होतं. पण आई देवाघरी गेली, पाठोपाठ बाबाही गेले, आणि सोनकी म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. धुरपदाआत्या तिला नुसतं "पोरी" म्हणायची.

आत्या दुष्ट नव्हती बरं का! दिवसभर पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावून तिची बोटं चरचरायची, गुडघे ठणकायचे, आणि घरात भाकरी असायची एकच. ती मोडून निम्मी सोनकीला द्यायची. फक्त देताना तिच्याकडे बघायची नाही.

सोनकीला मैत्रीण एकच, कापशी कोंबडी. आता तुम्ही म्हणाल, कोंबडीचं काय एवढं कौतुक! पण ही साधीसुधी कोंबडी नव्हती, सिल्की जातीची होती. पांढरीशुभ्र आणि मऊमऊ, अंगावर पिसांऐवजी रेशमाचे केस. डोक्यावर गुबगुबीत गोंडा, कानाशी निळ्या टिकल्या आणि पायांना चाराच्या जागी पाच-पाच बोटं. तळ्याकाठच्या बंगल्यातल्या बाई अशा कोंबड्या हौसेने पाळायच्या. गाव सोडताना त्यांनी ही एक सोनकीच्या ओंजळीत दिली होती.

कापशीला एकच खोड होती. ती सारखी खुडूक बसायची. म्हणजे अंडी घालायची सोडून उबवायलाच बसायची! अंडी नसली तर कांद्यावर बसायची, बटाट्यावर बसायची, एकदा तर आत्याच्या चुंबळीवर दोन दिवस बसली आणि आत्याला जवळ येऊ देईना.

एका मंगळवारी सकाळी आत्याने बाजाराला जाताना डोक्यावर भारा घेतला आणि म्हणाली, "पोरी, ही कोंबडी अंडी देत न्हाई, नुसती बसून खाते. तीन बाजार वाट बघते. तवर हिनं कायतरी करून दावलं तर ऱ्हाईल, न्हाईतर तिसऱ्या बाजाराला इकून टाकते."

बाजार भरायचा दर मंगळवारी. तीन बाजार म्हणजे एकवीस दिवस. सोनकीने कापशीला घट्ट कवटाळलं. डोळे पुसत ती पानं तोडायला बनात गेली.

थंडीचे दिवस होते. पानापानावर दवाचे टपोरे थेंब चमचमत होते, पिवळे, गुलाबी, निळे. एका रुंद पानाच्या खळग्यात दव साचलं होतं, आणि त्या दवात कुणीतरी कुडकुडत होतं. अंगठ्याएवढी एक परी! तिचे चिमुकले पंख भिजून अंगाला चिकटले होते, आणि ओठ जांभळे पडले होते.

"अगं बाई, किती काकडलीस!" सोनकी म्हणाली. तिने पानासकट परीला उचललं आणि धावत घर गाठलं. चूल विझलेली होती. मग तिने परीला अलगद कापशीच्या पोटाखाली सरकवलं. कापशीला काय, कांदा काय आणि परी काय! तिने चोचीने परीला आत ओढून घेतलं, फुगून बसली आणि डोळे मिटले.

दुपारी त्या रेशमातून एक डोकं वर आलं. परीचे पंख सुकून सोनेरी झाले होते, आणि केसांत कापशीची पांढरी लव अडकली होती.

"इतकी ऊब मला ढगांच्या गादीवरसुद्धा मिळाली नाही," परी हसून म्हणाली. तिने पंख झटकले. तीन थेंब खाली पडले, आणि कापशीच्या टोपलीत तीन लहानशी, सायीच्या रंगाची अंडी दिसू लागली. "सोनकी, ह्या तुझ्या तीन इच्छा. पण इच्छा लगेच पुरी होत नाही गं, ती उबवावी लागते. तीन गोष्टी लक्षात ठेव. अंड्याशी पुटपुटलेली इच्छा दुसऱ्या कुणाला सांगायची नाही. कापशी स्वतःहून उठणार नाही, म्हणून रोज तिला उचलून दाणापाणी द्यायचं, आणि अंडी गार व्हायच्या आत परत बसवायचं. आणि शेवटचे तीन दिवस अंड्यांना तुझा हात लागता कामा नये. कवच फोडून तर मुळीच द्यायचं नाही. एकविसाव्या दिवशी मी येईन."

सोनकीने पहिल्या अंड्याजवळ तोंड नेलं. "कापशीला कुणी विकू नये." दुसऱ्याला म्हणाली, "आत्याचे गुडघे दुखायचे थांबावेत." तिसऱ्याशी तोंड नेण्याआधी तिने दाराकडे पाहिलं. तिने काय मागितलं ते तुम्हाला म्हणून सांगते, आत्याला सांगू नका हं. ती म्हणाली, "आत्याने मला एकदा तरी मांडीवर घ्यावं."

संध्याकाळी आत्याने अंडी पाहिली. "कुठनं आणलीस गं?"

"परीने दिली."

"व्हय, आन मला राजानं पैठणी दिली! आण हिकडं, कालवण करू."

"आत्या, तीन बाजार म्हणाली होतीस ना?"

आत्याने पुढे केलेला हात मागे घेतला. दिलेला शब्द ती मोडायची नाही.

मग सोनकीचे कामाचे दिवस सुरू झाले. रोज दुपारी ती कापशीला उचलायची. आपल्या निम्म्या भाकरीतला चुरा तिच्यापुढे टाकायची, करवंटीत पाणी द्यायची. कापशी घाईघाईने खायची, राखेत लोळून अंग झटकायची, आणि सोनकी तिला पुन्हा टोपलीत ठेवायची. सातव्या संध्याकाळी तिने एक अंडं दिव्यासमोर धरलं. आत लाल लाल बारीक धागे पसरलेले, आणि मधे एक काळा ठिपका. आत्या पाठमोरी बसून भाकरी थापत होती. निदान सोनकीला तसं वाटलं.

"आगं, हाललं की गं ते!" आत्या एकदम ओरडली. मग लाजली आणि म्हणाली, "मला काय त्याचं!"

शेवटचे तीन दिवस सोनकीने हात पाठीमागे बांधून घेतल्यासारखे काढले.

तिसरा मंगळवार उजाडला. आत्याने बाजाराचा भारा बांधून दाराशी ठेवला. तेवढ्यात टोपलीतून चिवचिव ऐकू आली. एक पिल्लू बाहेर! मग दुसरं! दोन पिवळसर लोकरीचे गोळे, पाच-पाच बोटांच्या पायांवर डुलणारे. कापशी उठली आणि दोघांना घेऊन ऐटीत अंगणात उन्हाला गेली.

तिसरं अंडं टोपलीतच राहिलं. त्याला बारीकसं भोक पडलं होतं, आणि आतून एक अगदी अशक्त "चिव" येत होतं. सोनकीने कापशीला उचलून आणलं, पण ती पुन्हा उठून पिल्लांमागे पळाली. तीनदा आणलं, तीनदा पळाली. अंडं गार पडायला लागलं.

"आगं उचल की त्याला, पोरी! पदरात धर!" आत्या म्हणाली.

"माझा हात नाही लागायचा, आत्या." सोनकीला रडू फुटलं.

"का न्हाई?"

"परीने बजावलंय."

आत्याने बाजाराच्या भाऱ्याकडे पाहिलं. मग अंड्याकडे पाहिलं. आतून पुन्हा "चिव" आलं, आधीपेक्षा बारीक. आत्या मटकन खाली बसली, अंडं पदरात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि वरून दोन्ही चरचरणारे तळहात पांघरले.

"बाजार कुठं पळून जात न्हाई," ती म्हणाली.

आणि खरं सांगू? सोनकीला बरं वाटलं, पण आत कुठेतरी दुखलंसुद्धा. जी मांडी तिने मागितली होती, ती अंड्याला मिळाली होती! तिने चुलीत काटक्या सारल्या आणि आत्याच्या पाठीवर घोंगडी घातली.

दुपार झाली. भोक तेवढंच होतं. आत्याला राहवेना. "दमलं गं लेकरू. मी नखानं जरासं सोलते."

सोनकीने तिचा हात धरला. "नको आत्या, लवकर सोललं तर रक्त येईल. त्याचं त्याला येऊ दे. आपण फक्त ऊब द्यायची."

तो हात आत्याने सोडवून घेतला नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, आणि आत्या पहिल्यांदाच सोनकीच्या तोंडाकडे नीट बघत राहिली. केवढंसं तोंड होतं ते! थेट आत्याच्या भावासारखं.

ऊन कलायला लागलं तसा कवचाचा तुकडा उडाला. मग दुसरा. आणि एक ओलंगिच्च, चिपाड पिल्लू आत्याच्या मांडीवर कोलमडलं.

"आलं गं माझं बाळ!" आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पदराने पिल्लू टिपता टिपता तिने मान वर केली. "आन तू का लांब बसलीस, सोनके? हिकडं ये. हाय की जागा."

तिने सोनकीला जवळ ओढलं आणि मांडीवर घेतलं. एका मांडीवर पिल्लू, एका मांडीवर सोनकी.

त्याच वेळी कापशीच्या टोपलीत सोनेरी उजेड फुलला. परी काठावर उभी होती, केसांत ती पांढरी लव अजून तशीच. आत्याच्या तोंडाचा आ झाला.

"धुरपदाबाई, कापशीला विकणार का?" परीने विचारलं.

"हात तर लावून दावू दे कुणी!" पिल्लू छातीशी धरून, सोनकीला बाजूला करत आत्या तावातावाने उठून उभी राहिली. उठली खरी, आणि मग दचकून गुडघ्यांकडे बघायला लागली. एरवी उठताना ती तीनदा "आई गं" म्हणायची.

"परी, माझी तिसरी इच्छा तूच पुरी केलीस का गं?" सोनकीने हळूच विचारलं.

"ती मी नाही पुरी केली," परी म्हणाली. "मी फक्त अंडं दिलं होतं." उजेड वाढत वाढत गुलाबी झाला, निळा झाला, सगळ्या झोपडीत चमचमला आणि दारातून पळसबनाकडे निघून गेला.

त्या रात्री आत्याने भाकरी मोडली, आणि मोठा तुकडा सोनकीच्या हातात ठेवला, तिच्याकडे बघून. आणि कापशी? दोन पिल्लं होती तिला, आत्याच्या मांडीवरून आलेलं तिसरंही तिने पोटाखाली ओढलं. ह्या पिल्लाला मात्र लहानपणापासून एक खोड लागली. जरा गार वारा सुटला, की ते आईकडे न जाता तुरुतुरु आत्याच्या मांडीवर चढायचं. आणि सोनकी आधीच तिथे बसलेली असली, तर जागेसाठी तिला टोचायचं.