अक्कांच्या शेजारची जागा

“कशाकशाला म्हणतात वो हा शब्द, मास्तर?”

अक्कांनी विचारलं आणि पुढ्यातली वांगी चिरायला घेतली.

मास्तर म्हणजे प्राध्यापक सुधन्वा पाटणकर. कोल्हापुरात कॉलेजात इंग्रजी शिकवतात. टेकडीवर अक्का चालवतात त्या आमच्या मठात नुकतेच पोचले होते, गुडघा चोळत बसले होते आणि रागानं लालबुंद झाले होते. राग वडापवाल्यावर. वडाप म्हणजे आमच्या भागातली भाड्याची जीप. तिच्यात माणसं किती मावतात हे अजून कुणाला कळलेलं नाही, कारण ती भरली असं कधी कुणी म्हटलेलंच नाही. त्या वडापवाल्या मेहबूबनं वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर मागं वळून यांना एकच सांगितलं होतं. “सर, जरा ॲडजस्ट करा.”

मी समोरच पत्रावळ्या पुसत होतो, म्हणून पुढचं सगळं या कानांनी ऐकलं.

“ॲडजस्ट ना?” सरांनी घसा साफ केला. वर्गात उभे राहिल्यासारखे ताठ झाले. “चष्मा नाकावर नीट बसवणं. घड्याळाचे काटे मागेपुढे करणं. यंत्राचा स्क्रू पिळणं, रेडिओचा आवाज लावणं. विम्याचा दावा ठरवणं. अंधारात गेलं की डोळे हळूहळू सरावतात, त्यालाही हाच शब्द. मूळ लॅटिन. फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आला. मुळात अर्थ असा की जवळ आणणं. शेजारी लावणं.”

“अगं बाई,” अक्का म्हणाल्या. “लईच पायपीट झाली की बिचाऱ्याची.”

“पण माणसाच्या मांडीवर माणूस बसवणं, हा अर्थ जगातल्या एकाही शब्दकोशात नाही! काय ॲडजस्ट करा? किती करा? कुठवर करा?”

“कुठवर...” अक्का वांग्याकडं बघत पुटपुटल्या.

मेहबूब दारात तांब्यानं पाणी पीत होता. त्यानं तोंड पुसलं.

“सर, तुमचं बरोबर हाय. पन फाट्यावर म्हातारी उन्हात हुबी हुती. तिला काय शब्दकोश दाखवू?”

आता मठात आम्ही पडलो रिकामटेकडे. हसू दाबायचं कुणी? चुलीपाशी बसलेली शांतव्वा पदराआड खुसूखुसू हसली आणि म्हणाली, “आमटीत मीठ ज्यादा झालं की मी बटाटं टाकती. झालं ॲडजस्ट.”

“माझ्याकडं तर दिवाळीच्या आदल्या दिशी बाया येत्यात,” निंगाप्पा टेलर म्हणाला. “मामा, झंपर उद्याच पायजे, ॲडजस्ट करा की. मग काय, झोप ॲडजस्ट करतो.”

मलाही राहवेना. “आम्ही भावंडं एका वाकळंत निजायचो. थंडीत जो मधी तो राजा. कडंचा म्हणायचा, ॲडजस्ट कर की लेका, निम्मा उघडा पडलोय.”

“हे सगळं चुकीचं इंग्रजी आहे,” सर म्हणाले.

“असंल,” अक्का म्हणाल्या. “आन तुमच्या घरात कोण म्हणतं हा शब्द?”

सर पुन्हा गुडघा चोळू लागले.

“बायको म्हणायची... ‘दर वेळी मीच का ॲडजस्ट करायचं?’”

“आन आता?”

“आता नाही म्हणत.”

“मग काय म्हणती?”

“...काहीच नाही.”

अक्कांची विळी थांबली. शांतव्वानं उगीचच चुलीत फुंकर घातली. मला त्या माणसाचं त्या क्षणी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग अक्कांनी पुढचं वांगं उचललं.

इथं आमच्या मठाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वर्षातून एकदा भंडारा. पंगत एकच. उठली पंगत, बसली पंगत असला प्रकार इथं नाही. जितके आले तितके सगळे एका वेळी बसणार, आणि एक जरी माणूस उभा असला तरी घास कुणी उचलायचा नाही. सगळे बसले की शेवटी अक्का बसतात. अक्का ज्याच्या शेजारी बसतील, त्याच्या कानात त्या वर्षीचा मंत्र सांगतात. वर्षाला एकच माणूस. मागून मिळत नाही आणि वशिला चालत नाही.

अक्कांचं घोंगडं दरवर्षी ओसरीच्या टोकाला, खांबापाशी अंथरलेलं असतं. तेव्हा हिशोब सरळ होता.

पाटणकर सर हे तिसऱ्यांदा आले होते. आधीच्या दोन्ही वेळा उशिरा पोचले आणि कडेला बसले. यंदा पंगत मांडायच्या आधीच त्यांनी घोंगड्याशेजारी आपला रुमाल टाकून ठेवला. बसमध्ये खिडकीतून टाकतात तसा. मी पाहिलं आणि बोललो नाही.

कारण त्यांना ते हवं होतं, आणि मनापासून हवं होतं. मला म्हणाले, “तात्या, माझ्या आईला इथंच मंत्र मिळाला होता. काय होता ते तिनं कधी सांगितलं नाही. पण दोन खोल्यांत सात माणसं, वर पाहुणे, आणि ती मरेपर्यंत हसत होती हो. मला बंगला आहे, मान आहे. हसू तेवढं कुठं गेलं ते कळत नाही. अक्का थकल्यात. यंदा मंत्र नाही मिळाला तर...”



पंगत बसली. ओसरी तीन बाजूंनी भरली. पत्रावळ्यांवर भात पडला, वांग्याची भाजी पडली, गव्हाच्या खिरीचा वास सुटला. सर रुमालाच्या जागी मांडी घालून बसले होते. शेजारी रिकामं घोंगडं. चेहऱ्यावर असं समाधान, की नोकरीत कायम झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही नसेल.

तेवढ्यात टेकडीखाली हॉर्न वाजला.

लग्नाचा टेम्पो! सकाळचा मुहूर्त, लग्न नवरीच्या दारात, जेवण नवऱ्याच्या गावी, आणि टेम्पो आमच्या पायथ्याशी पंक्चर. वऱ्हाड खिरीच्या वासानं निम्मी टेकडी चढूनही आलं होतं. मेहबूब हातातलं भाताचं भांडं ठेवून जीप घेऊन खाली पळाला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर घेऊन आला.

“या, या!” अक्का उठून उभ्या राहिल्या. आनंद नुसता ओसंडत होता त्यांच्या तोंडावरून. “शांतव्वा, आमटीत पाणी वाढीव. सरका गं बायांनो!”

सरकासरकी सुरू झाली. पत्रावळी धरून लोक ढुंगणावर सरकत होते, गुडघ्याला गुडघे लागत होते, कुणाच्या कोपरानं कुणाचं पाणी सांडत होतं. “सरका की वो!” “आणि कुठं सरकू, भिंतीत शिरू?” करवल्या खिदळत होत्या. बँडवाला आपला पिपाणीसकट बसला. सगळी पंगत खांबाच्या दिशेनं सरकत सरकत आली आणि...

सरांपाशी अडली.

“माझ्यापलीकडे अक्कांची जागा आहे,” सर खांबाला हात लावून म्हणाले. “मी कुठे सरकू?”

बरोबरच होतं त्यांचं. अक्कांच्या घोंगड्यावर कोण बसणार?

अक्का आल्या. बरोबर नवऱ्या मुलाची आजी होती. कमरेत वाकलेली, तोंडात दात नाही, डोक्यावर अक्षता तशाच. अक्कांनी तिला हाताला धरून सरळ घोंगड्यावर बसवलं आणि तिच्यापुढं पत्रावळ ठेवली.

“अक्का!” सरांचा आवाज फुटला. “आणि तुम्ही?”

“मी वाढती की.”

“पण... तुम्ही बसणार कुठे?”

“बघू. गावंल जागा.”

अक्का खिरीचं भांडं घेऊन पुढं निघून गेल्या. सरांचं तोंड बघवत नव्हतं. तीन वर्षांची आस, आणि शेजारी कोण, तर दात नसलेली परकी म्हातारी. वर ती त्यांच्याकडं बघून गोड हसली आणि म्हणाली, “माझा भात जरा कालवून देतोस का लेकरा?”

सरांनी भात कालवून दिला. काय करतील?

आता सगळे बसले असं वाटलं. भुकेपायी रीत विसरून हात भाताकडं वळले. तेवढ्यात शांतव्वा ओरडली, “थांबा! नवरी हुबी हाय.”

खरंच की. नवऱ्याला जागा मिळाली होती, बँडवाल्याला मिळाली होती, आणि जिचं लग्न तीच पोर तुळशीपाशी उभी होती. डोळे रडून सुजलेले. माहेर सुटून चार तास झाले नव्हते, आणि या एवढ्या माणसांत ती कुणाला म्हणणार, सरका म्हणून? तिला तो शब्द तोंडातून काढायचीही चोरी.

कुणी हलेना, कारण हलायला जागाच नव्हती.

सर तिच्याकडं बघत होते... बराच वेळ बघत होते. मला वाटतं, त्यांना ती पोर दिसत होती आणि आणखीही कुणीतरी दिसत होतं. किती वर्षांपूर्वीचं, देव जाणे.

मग त्यांनी खांबावरचा हात काढला आणि उठले.

“बस बाळ. इथं बस. आजीचा भात कालवलाय मी, खीर तेवढी तू भरव.”

पोरगी बसली. आजीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तशी ती आज पहिल्यांदा हसली.

आणि सर पत्रावळ हातात घेऊन उभे! आता पंगत यांच्यासाठी खोळंबलेली. काय एकेक हाका सुरू झाल्या म्हणता! “सर, इकडं या!” तिकडं गेले, तर तिथं एक पोर आडवं झालेलं. “सर, हितं!” तिथं टेकले, तर मागून नवऱ्याचा मामा आला, पायानं अधू म्हणून मागं राहिलेला. सर पुन्हा उठले. ओसरीच्या एका टोकापासून सुरू झालेली स्वारी सरकत सरकत सगळ्यांच्या पलीकडं, पायरीपर्यंत येऊन पोचली. चपलांचा ढीग होता तिथं. ढिगाशेजारी मी कोंबून बसलो होतो, आणि माझ्याखालच्या पायरीवर मेहबूब.

“या सर,” मेहबूब म्हणाला. “जागा हाय.”

“कुठाय?”

“करू की.”

त्यानं चपला पायानं ढकलल्या, मी अंग चोरलं, आणि पाटणकर सर आम्हा दोघांच्या मध्ये बसले. निम्मे पायरीवर, निम्मे हवेत. पत्रावळ मांडीवर. कुणाचं तरी बाळ त्यांच्या कुशीत येऊन पडलं ते कळलंही नाही. शांतव्वानं वरून खीर वाढली, ती पत्रावळीतून ओघळून थेट त्यांच्या कडक इस्त्रीच्या पँटवर.

सरांनी पँटकडं बघितलं. मेहबूबकडं बघितलं.

“सर,” मेहबूब भीत भीत म्हणाला, “खीर जरा...”

आणि सर हसले. साधं हसले नाहीत हो. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाळ दचकलं, मग तेही हसायला लागलं. मी त्या सरांच्या आईला पाहिलेलं नाही, पण ती अशीच हसत असणार, पैजेवर सांगतो.

“तात्या,” ते डोळे पुसत म्हणाले, “हिला आणायला हवं होतं. माझं चुकलं. पुढच्या वर्षी हिला घेऊन येतो. आधी तिला बसवतो, मग मी बसतो.”

मंत्राचं त्यांना आठवतही नव्हतं.

आता उभ्या होत्या फक्त अक्का. वाढून झालं होतं. घोंगड्यावर आजी, आजीशेजारी नवरी. चारी बाजूंनी हाका आल्या, “अक्का, हितं या! अक्का, आमच्याजवळ!” खांबापाशी तर दोघं उठायलाही लागले. अक्कांनी हातानंच त्यांना खाली बसवलं.

कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. मग हळूहळू चालत आल्या. ओसरी ओलांडली. चपलांपाशी आल्या.

हसणं थांबलं.

अक्का पायरीवर वाकल्या. एक हात माझ्या डोक्यावर टेकवला, तोंड सरांच्या कानाशी नेलं. सरांनी डोळे मिटले.

मी अगदी खेटून होतो, म्हणून मलाही ऐकू आलं.

“मास्तर... जरा ॲडजस्ट करा.”